खरा दिवाण कोणता

१२ जुलै, शनिवार

चौथ्या भागावरून आज घरात महाभारत!

होडी वर ओढून शाकारलेली, मासेमारीला बंदी, करायला काम नाही. म्हणून मीच टूम काढली: एजंट दिवाणचे नऊच्या नऊ सिनेमे क्रमाने बघायचे, जमेल तसे, दुपारी जेवणानंतर. दाजींना, म्हणजे माझ्या वडिलांना (सगळी वाडी त्यांना दाजीच म्हणते), मीच बोलावलं. झक मारली आणि बोलावलं!

पहिले तीन बरे गेले. पाणबुडी म्हणून पाण्याची टाकी दाखवलीय आणि समुद्र म्हणून कुणाचं तरी तळं, पण दिवाण काय बोलतो! दुश्मनाला गोळी घालण्याआधी पाच मिनिटं समजावतो. दाजींनी तरुणपणी हे थिएटरात किती वेळा बघितले देव जाणे. मांडीवर फाटकं जाळं घेऊन सांधत बसतात आणि प्रत्येक वाक्य दिवाणाच्या आधी म्हणून दाखवतात.

चौथ्यात नट बदलला. उंच, गोरा, मिशी साफ उडालेली. आवाज तेवढा जुन्याचाच चिकटवलाय, लोकांनी थिएटर फोडू नये म्हणून असेल. मी म्हटलं, बघा दाजी, हो दुसरो.

"दुसरो खंयचो? तोच तो!"

"मगे मिशी खंय गेली?"

"भादरल्यान आसतली."

मिशी भादरली, आणि हातभर उंची वाढली ती कुणी लावली? पण चूक कबूल करायची नाही म्हणजे नाही. वर "बापाक शिकवतंस?" हे आहेच.

१३ जुलै

पाचवा. पुन्हा "तोच तो!" मी उठून होडीवरचे माडाचे झाप सारखे करायला गेलो.

२० जुलै, रविवार

तिसरा दिवाण आला आणि मालिकेत जीव आला! सातवा भाग. हा बोलत नाही, करतो. वादळात होडी हाकतो तर लाटेला तोंड देऊन हाकतो. पहिल्या दिवाणाने होडी लाटेला आडवी घातली होती आणि वर उभा राहून सिगारेट ओढत होता! आमच्या विजयदुर्गच्या पाण्यात असता तर सिगारेट विझायच्या आत बुडाला असता.

मला सगळ्यात आवडलं ते निराळंच. खात्याचे साहेब या नव्या माणसाकडे बघतात आणि एवढंच म्हणतात, "दिवाण, कामाला लागा." बस्स. पहिल्याच दिवशी नावही त्याचं, कामही त्याचं. जुना बरा की नवा बरा, कुणी विचारलं नाही. मी ते पुन्हा मागे नेऊन बघितलं.

आणि दाजी घोरत होते. पडद्यावर बंदुका धडाडताहेत, इमारती कोसळताहेत, आणि हे घोरताहेत! हलवून जागं केलं तर माझ्यावरच चिडले. "हेच्यात नुसतो धुडूमधडाम! माणसान बोलाक व्हया. मगे कळता तो कोण तां."

बायको, अक्षदा, स्वयंपाकघरातून ओरडली, "तुमी सिनेमा बघतास काय भांडतास?"

दोन्ही!

२७ जुलै, रविवार

इथे तरी खरं लिहावं. राग सिनेमाचा नाही.

बावीस वर्षं मी घरच्या होडीवर खलाशी. तांडेल दाजी, सुकाणू त्यांच्या हातात. नारळी पौर्णिमेला जो होडीतर्फे समुद्राला नारळ देतो, वर्षभर सुकाणू त्याचं, ही आमच्याकडची रीत. दरवर्षी वाटतं, यंदा नारळ माझ्या हातात ठेवतील. आज सरळ विचारलं. म्हणाले, "माजे हात मोडले काय?" विषय संपला.

गेले दोन हंगाम तर कहरच. स्वतः सुकाणूवर बसतात आणि मला पुढे उभं करून शाळा घेतात. "विनीत, पाणी कसा दिसता? खडकार लाट फुटता काय? ती समोरची होडी कोणाची?" सगळ्या खलाशांसमोर! चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी, माझे केस पांढरे झाले, आणि मला पाण्याचा रंग विचारतात! उत्तर दिलं की शाब्बास नाही, काही नाही. नुसतं "हूं" करायचं आणि सुकाणू वळवायचं. खलाशी तोंड फिरवून हसतात ते मला कळतं.

देवगडच्या गुरुदासने नवा ट्रॉलर घेतलाय. त्याला तांडेल हवाय आणि त्याने मलाच विचारलंय. पौर्णिमेच्या आदल्या दिवसापर्यंत सांग म्हणाला.

२ ऑगस्ट, शनिवार

नववा संपला. मी म्हटलं, तिसरा दिवाण सगळ्यांत सरस. दाजी जाळ्यातून हात न काढता म्हणाले, "दिवाण एकच. बाकीचे त्याचो कोट घालून फिरतत."

माझा तोल गेला. "त्यान कोट उतरवल्यान म्हणान तरी दुसऱ्याक गावलो! तुमी खंय उतरवतास?"

दाजींनी जाळ्याची पुढची गाठ मारली. भांडले असते तर बरं झालं असतं. अक्षदाने चहा आणला, तो तसाच गार झाला.

५ ऑगस्ट

ठरलं. गुरुदासकडे जाणार. अक्षदाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि दाजी कोणाक घेवन जातले दर्यात?" म्हटलं, जातील त्यांच्या पहिल्या दिवाणाला घेऊन! दाजींना अजून सांगितलेलं नाही. सांगायला जीभ उचलत नाही, आणि त्याचाही मला रागच येतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पौर्णिमा. दाजींच्या हट्टाने दुपारी पुन्हा पहिला भाग लावला. मध्येच गुरुदासचा फोन आला. ऐकू येईना म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण घालवला आणि दारात गेलो.

मागून दाजी म्हणाले, "टीव्ही कित्याक बंद केलंस रे? चलांदे मा."

वळून बघितलं. पडद्यावर चित्र चालूच होतं, दिवाण पाणबुडीतून धावत होता. दाजी सरळ त्याच्याकडे तोंड करून बसले होते, मी कधी लावतो त्याची वाट बघत.

फोन कापला. घरघरणाऱ्या पंख्याचं बटण हळूच बंद केलं.

"लाइट गेली, दाजी," म्हटलं.