कमलच्या झाडाचे कच्चे चिकू

मंगळवार, संध्याकाळ

काठीच्या जाळीत चिकू पडला की टप् असा आवाज यायचा आणि खालून कमल ओरडायची, "अहो, हळू!" आज दिवसभर कानात तेच. तिने लावलेलं झाड गेल्या आठवड्यात वाऱ्याने उन्मळलं. तीही नाही आता. झाडाचे शेवटचे चार चिकू शाळेत नेले. विज्ञानाच्या बाई फळातून डीएनए काढून दाखवणार होत्या. वाटलं, कमलच्या झाडाचा पांढरा धागा एकदा डोळ्यांनी पाहावा.

मीठ, साबण, स्पिरिट, सगळं झालं. धागा नाहीच, नुसता चीक. "सर, न पिकवताच आणलेत?" बाई म्हणाल्या. वर्ग हसला. जन्म डहाणूत गेला, झाडांच्या कविता मुलांकडून चालीत म्हणून घेतल्या, आणि चिकू उतरवून पिकवावा लागतो हे विसरलो? शेवटी धागा निघाला तो केळ्याचा. बाजारातल्या केळ्याचा! कमलचं आता काहीच उरलं नाही. तो टप् आवाज तेवढा, तोही माझ्याबरोबर जाणार.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात प्रयोगशाळेच्या शिपाई रखमाबाई.

"गुरुजी, धुतानाच चिकू हाताला दगडासारखे लागले. एक बाजूला काढून पिकायला तांदळात ठेवलाय. शुक्रवारी या, धागा काढू. तुम्ही कविता म्हणा, पिकलाय का ते चेपून मी बघते."