चिनी मातीचं झेपेलिन आणि अकरा भांडी

मार्शविक,
१४ नोव्हेंबर १९७६

प्रिय हिल्डाताई,

त्या झेपेलिनची, जर्मनांच्या बॉम्ब टाकणाऱ्या हवाई जहाजाची, घरघर तुझ्या कानात अजून आहे का? मळणीचं यंत्र कुणीतरी ढगांवरून ओढत नेतंय, अशी. मी सात वर्षांचा, तू अकराची, आणि आपण दोघं जिन्याखाली कोळशाच्या पोत्यावर. माझ्या कानात ती अजून आहे (डॉक्टर म्हणतात, हा वयाचा दोष, डॉक्टर स्वतः बत्तीस वर्षांचे आहेत, त्यांना वयातलं काय कळतं). तर आधी धाकट्या भावाचा नमस्कार घे. गुडघे कसे आहेत? डर्बीची थंडी त्यांना धार्जिणी नाही. माझ्या प्रकृतीचं नव्याने काही लिहीत नाही. गेल्या पत्रात ‘हा हिवाळा काही माझ्याच्याने निघत नाही’ असं लिहिलं होतं, तेच पुढे चालू समज.

माझ्या छंदाला तू ‘विल्फीचा दारूगोळा’ म्हणतेस, ते बरोबरच आहे. घरात आता त्रेसष्ट बॉम्ब आणि अठ्ठावीस झेपेलिनं आहेत, सगळी चिनी मातीची, पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची, पोटावर कुठल्या ना कुठल्या गावाचं बोधचिन्ह. बसायला खुर्ची उरलेली नाही. ज्याने आपलं घर पाडलं त्याचीच छोटी मूर्ती करून चुलाण्यावरच्या फळीवर मांडायची आणि दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायची, हे जगात फक्त आपल्याच लोकांना सुचावं. आणि त्यातही शिस्त कशी, तर ज्या गावाचं चिन्ह त्याच गावात ती वस्तू विकायची. लोक सुट्टीत आगगाडीने जाऊन दुसऱ्यांवर पडलेला बॉम्ब विकत घेऊन यायचे. मार्शविकची झेपेलिनं दुकानदाराने दोनच डझन मागवली होती. त्यातलं एक आईने आणलं. शेजारणी कुजबुजल्या, सख्खी बहीण ज्याने मारली ते घरात कसं ठेवते ही बाई? आई म्हणाली, “त्याच्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी.” लॉटी मावशीबद्दल तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

पुढे ते फुटलं. त्यानंतरचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आई हिवाळाभर तुझ्याशी बोलली नाही, आणि वसंतात तुझी ट्रंक भरून तुला डर्बीला आत्याकडे धाडलं. त्यानंतर तू मार्शविकमध्ये पाऊल टाकलं नाहीस, आईच्या मातीलासुद्धा नाही. मी मात्र तेव्हापासून तसलंच झेपेलिन शोधतोय, आपल्या गावाचं चिन्ह असलेलं.

मागच्या गुरुवारी ते सापडलं. शेजारच्या गावी, धान्यबाजाराच्या हॉलमध्ये लिलाव होता, आणि यादीत ते ब्याण्णवाव्या क्रमांकावर होतं. मी सकाळी नऊपासून जाऊन बसलो. बाहेर धुकं, आत ओल्या कोटांचा वास, आणि अशा हवेत मला शाळेतल्या कविता आठवतात. मिस पेटिफर आपल्याकडून हावभावांसकट म्हणून घ्यायच्या, ते तुला आठवत असेल: ‘लाटा’ म्हटलं की हात आडवा, ‘आकाश’ म्हटलं की उजवा हात सरळ वर. बुडत्या जहाजाची ती लांबलचक कविता मी मनातल्या मनात म्हणत होतो. (हल्ली मनातल्या गोष्टी हातात उतरतात.) त्या कवितेत आकाश सहा वेळा येतं. सहाव्या आकाशाला लिलाववाल्याने हातोडा आपटला आणि म्हणाला, “दिली, आजोबांना दिली.” मी विचारलं, काय दिलं? तर रात्री लघवीसाठी पलंगाखाली ठेवायची अकरा भांडी, गुलाबांच्या नक्षीची, आणि त्यांच्यावर मोफत एक पेंढा भरलेला बगळा. खिसा तिथेच रिकामा झाला. ब्याण्णव क्रमांक आला तेव्हा मी उभा राहून काहीतरी बोललो, पण हिरव्या टोपीतल्या एका बाईंनी झेपेलिन घेतलं. बगळा बसमध्ये माझ्या शेजारी बसला. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं.

बाकी क्षेम. कोबी चांगला आलाय, खायला कुणी नाही.

तुझा,
विल्फी

ता. क. : उभा राहून काय बोललो ते लिहायचं राहिलं. ताई, ते मी फोडलं होतं. हातात धरून, तोंडाने ती घरघर करत, झोपलेल्या मांजरीवरून उडवत होतो. चुलाण्याच्या कठड्यावर आपटलं. आई धावत आली, आणि मी म्हणालो, ताईने. तू एक अक्षर बोलली नाहीस. का, ते मला साठ वर्षं कळलेलं नाही. जे तुला सांगितलं नाही ते मी गुरुवारी शंभर अनोळखी लोकांना सांगितलं. हिरव्या टोपीवाल्या बाईंनी वळून विचारलं, “बहिणीला सांगितलंत का, काका?” म्हटलं, नाही. “मग तुम्हाला हे कशाला? टपालाचं तिकीट घ्या,” असं म्हणून त्यांनी खरोखर पर्समधून एक काढून दिलं, आणि झेपेलिन घेऊन गेल्या.

दुसरं ता. क. : क्षमा मागत नाही, तेवढी ऐपत नाही. मला तुझ्याकडून एक शिवी हवी आहे. ठसठशीत अक्षरात लिही, नजर अधू झालीय.

तिसरं ता. क. : दार वाजतंय. पडदा सारून पाहिलं. फाटकाशी टॅक्सी उभी आहे, पायरीवर ट्रंक आहे, आणि माझ्या गंजलेल्या घंटेला काठीने बडवत तू उभी आहेस. ‘मेलास की काय रे?’ असं ओरडतेयस. शाई ओली आहे. पत्र हातात घेऊनच दार उघडतो.