तुझ्या पोपटाची आंघोळ

माय, तू गेलीस, पण तुझा पोपट अजून आहे. म्हातारा झालाय, एका डोळ्याने कमी दिसतं, पण ताठा तोच. माझा मुलगा त्याच्याशी हिंदीत बोलतो, तर हाही आता हिंदीतच भांडतो. तुझी बोली त्याच्या तोंडी फक्त भूक लागली की येते.

त्याची आंघोळ मी तुझ्याच पद्धतीने करते. भाजीवाला ‘धनिया’ म्हणतो, तू सांभार म्हणायचीस, त्याची जुडी साध्या पाण्यात बुचकळायची, न झटकता पिंजऱ्यात टांगायची आणि आपण बाजूला व्हायचं. तेही दुपारी, ऊन असताना, म्हणजे गारठ्याआधी पिसं वाळतात. तो आधी उगाच दुसरीकडे बघतो, जसा काही त्याचा संबंधच नाही. मग पानांत मान घुसवतो, पंख पसरतो, अंग घासत राहतो. शेजारणीचा पोपट खुशाल थाळीत बसतो. आपल्या साहेबांना थाळी दाखवली की ते ती उलटवतात.

राजेगावच्या घरी एका उन्हाळ्यात मी गंमत म्हणून त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं. तो कोपऱ्यात चिकटून बसला, चोच उघडी. तू पिठाच्या हातांनी बाहेर आलीस. “काहून वं, डोक्यावर काहून ओतून राह्यली? तो का भांडं हाय धुवाले? त्याच्या मनानं येऊ दे त्याले पाण्यात.” मी हसले, आणि तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस.

पुढे तुझी उजवी बाजू लुळी पडली आणि तू पिंजऱ्यासकट माझ्याकडे बालाघाटला आलीस. तेव्हाची रोजची सकाळ अशी: मी तुला मोरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवते. तांब्या भरते, डोक्यावर ओतते, लगेच दुसरा ओतते. तुझा श्वास अडकतो, धड असलेला हात खुर्ची घट्ट धरतो. एकदा तू जड जिभेने म्हणालीस, “पोरी, पाणी सांगून टाकत जा वं.” मी ‘हौ’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच ओतलं. आणि त्याच दिवसांत, सुट्टीच्या दुपारी, तुझा पोपट बुजू नये म्हणून मी दाराआड श्वास रोखून उभी राहत होते. लाज वाटते माय, फार लाज वाटते.

आता जुडी टांगण्याआधी मी त्याला दर वेळी सांगते, ‘पाणी आणलं हं.’ मुलगा हसतो, “मम्मी, उसको क्या समझता है?” मी जुडी टांगते आणि बाजूला होते.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिता येतंय. घरात सगळ्यांना मी अजून हेच सांगते, की नोकरीवर जायची लांजीची बस चुकेल म्हणून तुझ्या आंघोळीला घाई व्हायची. पण रविवारीही मी तशीच ओतायचे. तुझं वाळलेलं, उघडं अंग मला बघवत नव्हतं, माय. मी डोळे मिटून ओतायचे.