खोलासुराचे कल्ले

सोमवार, ७ जानेवारी २००८

१. सकाळी ११.४० ला माझा राक्षस तिसऱ्यांदा परत आला.
२. राक्षसाचं नाव खोलासुर. धड माशाचं, हात माणसाचे. तीनशे वर्षं समुद्राच्या तळाशी कुजत पडलेला. गेम खेळणाऱ्याला त्याला बघून शिसारी आली पाहिजे, असं ब्रीफमध्ये लिहिलंय.
३. चित्रावर माझी टीम-लीड बकुळा हिचा शेरा : 'फारच टवटवीत.'
४. माझं प्रोबेशन १८ तारखेला संपतं. खोलासुर पास झाला तर मी कायम. नाही तर नाही.
५. मी मॉनिटरची काच पुसली.

निष्कर्ष : ऑफिसच्या मॉनिटरचे रंग चुकीचे दिसतात.

मंगळवार, ८ जानेवारी

मॉनिटर तपासला. रंग बरोबर आहेत. म्हणजे बकुळाच्या मॉनिटरचे चूक असणार.

नवी पद्धत ठरवली. आकार, उजेड-सावली, शरीररचना, रंग, पोत. प्रत्येकाला दोन दिवस. मोजून दहा दिवस होतात. चुकायला जागाच नाही.

ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं की तुझी आई दादरच्या बाजारात मासळी विकते ना, मग तुला हे सोपं जात असेल. मी सांगितलं, संबंध नाही. मी अप्लाइड आर्ट केलंय, त्यावर डिजिटल पेंटिंगचा डिप्लोमा.

बुधवार, ९ जानेवारी

कुजण्याचा अभ्यास प्रत्यक्ष वस्तूवरून करायचा. आईला म्हटलं, येताना एखादा शिळा मासा आण. आईने टोपली खाली ठेवली. म्हणाली, शिळा? माझ्या पाटीत? गिरणीच्या संपात तुझ्या बापाचा पगार दीड वरस बंद होता, घरात पेजेला तांदूळ नव्हता, तवा पण या मंजुळाने शिळा म्हावरा कुणाच्या पिशवीत नाय घातला. आता तुला पायजे?

मी सांगितलं, शास्त्रीय कारणासाठी.

ताजी वाम मिळाली. गॅलरीत ताटात ठेवली. दर दोन तासांनी नोंद करायची.

दु. ४.०० : डोळा स्वच्छ, फुगीर.
सायं. ६.०० : तसाच.
सायं. ६.२५ : ताट रिकामं. काशीआत्या आली होती. तिने वाम तळली.

निरीक्षण खंडित. चव चांगली होती.

शुक्रवार, ११ जानेवारी

आजपासून घरीच काम. आकार आणि उजेड-सावली एका दिवसात उरकली. वेळापत्रकाच्या पुढे आहे.

आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, डोळे बसलेत गो याचे. कल्ले काळे पडलेत. कोण घेईल हा? मी म्हटलं, कुणी घ्यायचा नाहीये. आई म्हणाली, मग बनवतेस कशाला?

मी कल्ले झूम करून बघितले.

कल्ल्यांचा लाल आठ टक्के वाढवला. आईमुळे नाही. लहान स्क्रीनवर उठून दिसावेत म्हणून.

रविवार, १३ जानेवारी

बाबांनी विचारलं, हाच का तुझा राक्षस. चष्मा लावला आणि खोलासुराच्या पोटावर अंगठा दाबला. मग आईला हाक मारून सांगितलं, ताजा हाय गो मंजू, मांस लगेच वर येतंय.

एलसीडी दाबल्यावर तसंच होतं. समजावलं. काशीआत्यानेही दाबून बघितलं.

लाल आता बावीस टक्के. डोळ्यात एक पांढरा ठिपका दिला. पाण्याखाली उजेड असाच पडतो.

सोमवार, १४ जानेवारी

दाखवलं. बकुळाने टेस्टिंगच्या दोघांना बोलावलं. एक म्हणाला, भूक लागली यार. दुसऱ्याने विचारलं, याच्याखाली बर्फ का ठेवलाय?

बर्फ नव्हता. फेस होता.

बकुळा म्हणाली, तू फार छान काढतेस, पण हा मेलाय कुठे? गुरुवारी शेवटचं बघीन. मी म्हटलं, गुरुवारी वास येईल.

प्रतिक्रिया तीव्र होती ही जमेची बाजू.

बुधवार, १६ जानेवारी

आज त्याला कुजवायचंच.

स. १०.०० : डोळे आत. बुबुळावर साय.
दु. १.०० : कल्ले करडे. शेवाळ. कातडी लोंबतेय.
दु. ४.३० : पूर्ण. भयंकर झालाय. पंधरा वर्षांचा पोरगा किंचाळेल. हा शंभर टक्के पास होणार. फाइल सेव्ह केली.

सायं. ५.१० : आईच्या चपला वाजल्या. स्क्रीन बंद केली. का केली ते माहीत नाही. वीज वाचते.

आईने विचारलं, झाला का गो तुझा म्हावरा? हो म्हटलं. म्हणाली, दाखव. म्हटलं, उद्या.

सायं. ६.०० : दुसरी कॉपी उघडली. फक्त तुलनेसाठी. कल्ल्याची एक कड लाल.
सायं. ६.४० : एक डोळा.
सायं. ७.१५ : एकच डोळा बरा दिसत नाही, म्हणून दुसरा.
रा. ८.०० : धुतला.

आईला दाखवला. तिने मान हलवली. म्हणाली, हा सकाळी सातच्या आत जाईल.

गुरुवार, १७ जानेवारी

दोन फाइल होत्या. एक पाठवली. कोणती, ते तांत्रिक निकषांवर ठरवलं.

शुक्रवार, १८ जानेवारी

निकाल. चित्र पास. सगळ्यांना फार आवडलं. गेममधल्या बंदरावरच्या बाजारात कोळणीच्या फळीवर ठेवणार आहेत, हात काढून. खेळणाऱ्याने तो विकत घेऊन खाल्ला की पंचवीस टक्के शक्ती परत येते. राक्षस दुसरं कुणीतरी काढतंय.

माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. सायं. ५.४५ ला मेल पाठवली. प्रत इथे ठेवते :

'बकुळा, माझं चित्र स्वीकारल्याबद्दल आभार. मी कायम झाले आहे की नाही, आणि झाले असल्यास राक्षसांच्या टीममध्ये आहे की खाद्यपदार्थांच्या, हे कृपया सोमवार, २१ जानेवारीपर्यंत कळवावं. घरी विचारतात.'