जास्तीचा सेमीकोलन

उस्मानपुरा, संक्रांत, १९९४

आज विद्यापीठाचं नामांतर झालं. कारखान्यातल्या भट्टीच्या कंट्रोलचा प्रोग्राम माझ्यासोबत लिहिणारा मिलिंद दुपारीच म्हणाला, "ताई, आई विद्यापीठाच्या गेटवर गेलीय. नामांतरासाठी तुरुंगात गेली होती ती. मी निघू?"

"एवढं कंपाइल होऊ दे, मग जा." का म्हणाले मी असं?

एरर भलत्याच ओळींवर दिसत होत्या. चूक निघाली मॅक्रोत, म्हणजे एकदा लिहून जागोजागी वापरायच्या तुकड्यात: शेवटी एक जास्तीचा सेमीकोलन. माझ्याच हातचा! एका सेमीकोलनपायी अंधार पडला.

त्याला स्कूटरवरून गेटवर नेलं. गर्दी ओसरली होती. कपाळभर निळा गुलाल लावलेली त्याची आई म्हणाली, "आलास व्हय? लई नाचलो रे आम्ही. तूच नव्हतास."

मग माझ्याही हातावर पेढा ठेवला. त्याला कुणी थांबवलं, ते मिलिंदनं सांगितलं नाही. मीही नाही.