गॅरेजच्या दाराचे शुद्धिपत्र

४ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
काल मी लेकीकडे जेवायला का गेलो नाही, यासंबंधी धाकट्या बहिणीने नातेवाइकांत फोनवरून जो वृत्तान्त पसरवला आहे, त्यात तीन चुका आहेत. पहिली : ‘दादा रुसला.’ मी रुसलो नव्हतो. रुसायला समोर कोणीतरी असावे लागते. दुसरी : ‘त्याला आता गाडी चालवायची भीती वाटते.’ चार्जरवर ठेवलेली बॅटरी जोडून मी ११.२० ला एका दमात गाडी बाहेर काढली. आरशांना खरचटलेदेखील नाही. तिसरी : ‘लेकीने नव्या घरात त्याच्यासाठी खाली खोली केली आहे, ती त्याला बघायचीच नाही.’ खोलीचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही.
वस्तुस्थिती अशी की गॅरेजचे दार बंद होईना. रिमोट दाबला की ते वीतभर खाली येई, थबके आणि पुन्हा वर जाई. मोटरीवरचा दिवा दहा वेळा डोळे मिचकावी. अकरा वेळा प्रयत्न केला. घर उघडे टाकून अडीच तासांच्या गावी जाणारा मनुष्य मी नव्हे. १२.१५ ला गाडी आत घेतली आणि लेकीला ‘तांत्रिक अडचण’ कळवली. ती म्हणाली, बरं बाबा. एवढेच.
हिला जाऊन चौदा महिने झाले. बाजार चालत जाण्याइतका जवळ आहे. त्यामुळे गाडी काढण्याचा प्रसंग मध्यंतरी आला नाही. हिच्या हयातीत हेच दार विनातक्रार बंद होत असे. तेव्हा बिघाड ताजा आहे.
रात्री गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणाऱ्या दाराला आतून कडी घातली, वर खुर्ची लावली.
संकल्प : येत्या रविवारपर्यंत दार स्वतः दुरुस्त करणे. ज्याने चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्याला एका दाराची चूक सापडू नये?

५ मार्च
रिमोटचे सेल बदलले. जुने चांगले होते, असे आता दिसते.
दाराची माहितीपुस्तिका हिच्या शिवणयंत्राच्या खणात मिळाली. चौदा पानांत एकतीस चुका. एके ठिकाणी ‘दार उघडे पडते’ असे छापले आहे. जणू त्याचे बिंग फुटले. सर्व चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. पान नऊवर एका ओळीखाली हिने पेन्सिलीने रेघ ओढलेली आढळली. छापील पानावर पेन्सिल चालवणे मला पसंत नाही. रबराने पुसली.
दिवस सत्कारणी लागला. दार तसेच आहे.

७ मार्च
उपपत्ती : समोरच्या घरातील रिमोटमुळे माझ्या दाराला परतण्याची आज्ञा मिळत असावी. समोर निवृत्त बसड्रायव्हर राहतो. एकदा त्याच्या घरावरील पाटीतला एक अनुस्वार मी त्याला दाखवून दिला, तेव्हापासून तो मला ‘अनुस्वार’ म्हणतो. त्याला समक्ष भेटून सौम्य शब्दांत विचारणा केली. तो म्हणाला, अहो अनुस्वार, माझ्याकडे गॅरेज नाही, गाडी नाही, रिमोट काय मी चहात बुडवून खातो?
हे मान्य करावे लागले. शिडी मात्र त्याने दिली.

८ मार्च
शिवणयंत्राच्या तेलाने चाके, बिजागऱ्या, पट्टी असे सारे न्हाऊ घातले. थोडे गाडीवर सांडले, थोडे चष्म्यावर. परिणाम समाधानकारक आहे. दार आता पूर्वीपेक्षा पुष्कळ शांतपणे बंद होत नाही.

९ मार्च. दुपारी ३
मोटरीखाली लोंबणारी लाल दोरी ओढली. पुस्तिकेनुसार तिच्यामुळे दार मोटरीपासून ‘स्वतंत्र’ होते. झाले. हातांनी खाली ओढताच धाडकन बंद झाले. बंद झाले, ही गोष्ट नोंदवून ठेवतो. मात्र नंतर ते उचलेना.
ड्रायव्हरला बोलावले. आम्ही दोघांनी, म्हणजे मुख्यतः त्याने, दार उचलले आणि दोरी पूर्ववत अडकवली. तो म्हणाला, वरच्या स्प्रिंगला बोट लावलंत तर हाताचा शुद्धलेखनाशी संबंध कायमचा संपेल, माणूस बोलवा. मी सांगितले, की निदान जवळजवळ पूर्ण झाले आहे.

१० मार्च, रविवार
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, मी येते न्यायला, तुम्ही दाराचं नंतर बघा. मी सांगितले, की स्वतःच्या गाडीने आणि स्वतः दार लावून येईन. ती म्हणाली, खोलीत सकाळचं ऊन येतं, खिडकीशी टेबल ठेवलंय, वाचायला दिवाही आणलाय. मी म्हणालो, की दिव्याचा आणि दाराचा काही संबंध नाही. मग ती म्हणाली, बरं बाबा.
जेवणात कालचेच होते.

१२ मार्च
शोध लागला. दाराच्या दोन्ही अंगांना, घोट्याच्या उंचीवर, काळ्या मण्यांसारखे दोन सेन्सर आहेत. ते एकमेकांकडे पाहत असतात. मध्ये काही आले की दार खाली येत नाही. डावीकडे हिरवा दिवा लागतो, उजवीकडे लागत नाही. चष्म्याच्या फडक्याने दोन्ही पुसले. कोळ्याचे जाळे काढले. फरक नाही.
उपपत्ती : उन्हाची तिरीप. सावलीसाठी छत्री धरली. दार परतले. आता ते उन्हामुळे परतले की छत्री आडवी आली म्हणून, हे ठरवता येईना. पाठीत उसण भरली.

१४ मार्च
केवळ दुसरे मत असावे म्हणून मेकॅनिकला फोन केला.

१५ मार्च. दुपारी १२.३०
मेकॅनिक ही एक चाळिशीची बाई निघाली. खांद्याला अवजारांची पिशवी, बोलणे मोजके. जमिनीवर आडवी होऊन तिने चार मिनिटे पाहिले. म्हणाली, काका, उजवा डोळा गेलाय, पट्टी वाकलीय, आत वायर तुटलीय, चाक लागलं असणार. मी म्हणालो, की गेल्या चौदा महिन्यांत गाडी एकदाच हलली, तीही कोठे न लागता. ती म्हणाली, चौदा महिने कुठले, तुटलेल्या टोकावर गंज बघा, तीन-चार वर्षं तरी झाली.
हे अशक्य आहे, हे मी तिला क्रमवार समजावून सांगितले. मी गाडी मागे घेत असे, रिमोट दाबत असे, दार बंद होत असे. ती म्हणाली, हा डोळा असा असताना रिमोटनं दार लागत नाही, काका. एकच वाट आहे, आतल्या भिंतीवरचं बटण दार जमिनीला टेकेपर्यंत दाबून धरायचं, मध्येच सोडलं तर परत वर जातं. तिने करून दाखवले. सतरा सेकंद.
मग तिने विचारले, घरात आणखी कोण असायचं. मी म्हणालो, पत्नी. ती म्हणाली, मग त्याच लावत असतील. मी म्हणालो, की ती तेथे उभी राहून नुसती माझ्याकडे पाहत वेळ काढीत असे. मग पुढच्या दाराने वळसा घालून, कुलूप लावून गाडीत येई. मेकॅनिक पिशवी आवरू लागली.
बटणाशेजारी भिंतीचा रंग तळहाताएवढा काळवंडला आहे. पुसून घ्यावा लागेल.
नवा डोळा बुधवारी मिळेल. जाताना ती म्हणाली, रविवारी कुठं जायचं असेल तर गाडी बाहेर काढा, आत येऊन बटण धरा आणि पुढच्या दारानं निघा, सोपं आहे. या सूचनेचा मी विचार करीत आहे.

१७ मार्च, रविवार
गेलो नाही. मेकॅनिकची सूचना सदोष आहे. एकाच माणसाने आतही असावे आणि बाहेरही, हे दाराच्या मूळ रचनेत अभिप्रेत नाही. तरी करून पाहिले. बटणापासून स्वयंपाकघर, बैठक, पुढचे दार, दोन पायऱ्या आणि गाडी : एक्केचाळीस पावले. कुलपासह एक मिनिट वीस सेकंद. हिचे गुडघे जमेस धरता दोन मिनिटे. करता येते, हे सिद्ध झाल्यावर गाडी आत घेतली. लेकीला ‘काम प्रगतिपथावर’ असे कळवले. तिने बरं म्हटले. बाबा म्हटले नाही.
मेकॅनिकचे म्हणणे खोडून काढण्यासाठी जुन्या रोजनिश्या काढल्या. चार वर्षांपूर्वी, ६ नोव्हेंबर : ‘गाडी आत घेताना उजव्या चाकाला किंचित काहीतरी लागले. काही झाले नाही.’ त्यानंतर ‘ही गाडीत यायला उशीर करते, हॉर्न वाजवावा लागला’ अशा अर्थाच्या नोंदी आहेत. मोजल्या. अडतीस. ६ नोव्हेंबरपूर्वी एकही नाही. दोन्ही गोष्टींचा संबंध जोडण्याइतका पुरावा मात्र नाही.
परवापासून संध्याकाळी दार मीच आतून लावतो. सतरा सेकंद हा वाटतो त्यापेक्षा बराच मोठा अवधी आहे. अंगठा दुखतो.

१८ मार्च
शिडी परत केली. ओघात ड्रायव्हरला विचारले. तो म्हणाला, वहिनी बटण धरून उभ्या असायच्या ते आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मी एकदा म्हटलं, दुरुस्त करून देतो, तर म्हणाल्या, राहू द्या भाऊजी, त्यांना कळलं तर पुस्तिका काढून बसतील आणि आठवडाभर मला वाचून दाखवतील.
मी म्हणालो, की पुस्तिकेत एकतीस चुका होत्या. तो म्हणाला, बघा.

२० मार्च, बुधवार
नवा डोळा बसला. दोन्ही दिवे हिरवे. रिमोटच्या पहिल्या दाबासरशी दार बंद. मेकॅनिक म्हणाली, झालं काका, आता आत कुणी लागत नाही. तिने ते चांगल्या अर्थाने म्हटले.
लेकीला रविवारी येत असल्याचे पक्के कळवले.

२४ मार्च, रविवार. सकाळी ९
योजना : १०.३० ला गाडी बाहेर. १०.३१ ला दार बंद. एक वाजता लेकीकडे. रात्री परत. खोली पाहीन, पाहण्याने काही बांधिलकी निर्माण होत नाही.

त्याच दिवशी. सकाळी ११.४०
१०.३२ ला गाडी बाहेर घेतली. रिमोट दाबला. दार न थबकता खाली आले आणि टेकले.
त्यानंतर मी गाडीत बसून राहिलो. १०.४० ला हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांब.
समोरून ड्रायव्हर बाहेर आला. म्हणाला, कुणाला बोलावताय? मी पुढच्या दाराकडे पाहिले. कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात होती. त्याने मला अनुस्वार म्हटले नाही. काचेवर हात ठेवून म्हणाला, आज नका चालवू.
इंजिन बंद केले. घरात येऊन लेकीला फोन केला. तिने विचारले, पुन्हा दार का? मी म्हणालो, दार ठीक आहे. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, मला न्यायला ये.
ती म्हणाली, निघालेच, बाबा.
ती पोहोचेपर्यंत अडीच तास आहेत. पिशवीत चष्मा, लाल शाई आणि चार दिवसांचे कपडे भरले. उरलेल्या वेळात खालील दुरुस्त्या.

शुद्धिपत्र

४ मार्च : ‘खोलीचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही.’ आहे. बहिणीच्या तीन विधानांपैकी तिसरे बरोबर होते. दुसरेही.
५ मार्च : पान नऊवरील पेन्सिलीची रेघ पुसायला नको होती. ती ज्या ओळीखाली होती ती ओळ अशी : ‘दार पूर्ण बंद होईपर्यंत बटण दाबून धरावे.’ ओळीत चूक नाही.
१० मार्च : ‘दिव्याचा आणि दाराचा काही संबंध नाही.’ हे वाक्य गाळावे. त्या जागी काय म्हणायला हवे होते, ते लेक आल्यावर समक्ष सांगेन.
१५ मार्च : ‘भिंत पुसून घ्यावी लागेल’ या अर्थाचे वाक्य रद्द. भिंत पुसू नये.
१७ मार्च : ‘पुरावा नाही.’ आहे.
६ नोव्हेंबर, चार वर्षांपूर्वी : ‘काही झाले नाही.’ उजवा डोळा मोडला. मी मोडला.
त्यानंतरच्या अडतीस तारखा, ज्या ज्या ठिकाणी ‘हिने उशीर केला’ असे आहे, तेथे सर्वत्र असे वाचावे : ती दार लावीत होती.