कटकट नावाचा फोल्डर

१२ मार्च, मंगळवार

ती. ताई,

साष्टांग नमस्कार, कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात.

पत्रास कारण की, या विद्यापीठात वीस हजार लोकांचे ईमेल मी सांभाळतो आणि मला एक साधं बॉलपेन मिळत नाही. भांडारात मागितलं, तर म्हणाले, "ईमेलने अर्ज करा." शेवटी पेन्सिलीने लिहितोय. इतिहास याची नोंद घेईल.

तुझे ईमेल मी वाचले नाहीत, तो दोष आमच्या गाळणीचा. नको ते अडवता अडवता हवं तेही अडवते. यंत्रच ते.

तर, नवा नियम मीच केला: वर्षभर न उघडलेले ईमेल आपोआप पुसायचे. प्राध्यापकांनी बोंब मारली, तेव्हा कुलसचिव मला म्हणाले, "पहिला प्रयोग स्वतःवर करा." काल केला. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्या पडद्यात डोकावल्या.

"साहेब, एकसष्ट ईमेल पुसू का, विचारतंय. सगळे एकाच बाईंचे! कोण हो?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

"मग काय सांगू त्याला?"

"म्हणावं, चहा पिऊन ये."

ताई, गाळणी बिचारी निर्दोष आहे. दोन वर्षांपूर्वी तू घड्याळजींशी लग्न करणार म्हणालीस, मी "या वयात?" म्हणून हसलो, तू फोन आपटलास. त्याच दिवशी मी 'कटकट' नावाचा फोल्डर केला आणि तुझे ईमेल परस्पर तिकडे धाडले. आकडा वाढताना रोज दिसायचा. उघडायची छाती झाली नाही.

काल जुने-नवे सगळे वाचले. तुझी जीभ अजून तशीच आहे, किती बरं वाटलं! दहाला बोलावलं की पाव तास आधीच हजर, म्हणून घड्याळजींना तू 'आमचे पावणेदहा' म्हणतेस, तिथे मी इतका हसलो की बाई पाणी घेऊन धावल्या.

सर्वांत नवा गेल्या शुक्रवारचा. 'सोमवारी अठराला लग्नाची नोंदणी. साक्षीदाराची सही तुझीच हवी. पुढच्या शनिवारपर्यंत कळव, नाहीतर शेजारीण करेल.'

शेजारणीला म्हणावं, नवी साडी खुशाल नेसा, पेनाला हात लावू नका. मी रविवारी दुपारच्या गाडीने येतोय. फोन करणार होतो, पण आवाज ऐकताच तू ठेवशील, म्हणून हे जलद टपालाने.

आणखी एक. तुझ्या तेविसाव्या ईमेलमध्ये एकच ओळ होती, 'माझं काय चुकलं?' उत्तर द्यायचं राहिलं होतं.

काही नाही. मी चुकलो.

तुझा धाकटा,
घड्याळजींचा मेहुणा